साथीच्या काळात कामाचा ताण कसा हाताळावा: घरून काम करणाऱ्यांसाठी आणि रोज कामावर जाणाऱ्यांसाठी

25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा मी औषधांचे वितरण करणाऱ्या एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करीत होते. औषधे अत्यावश्यक असल्यामुळे कंपनी बंद राहिली नाही, मात्र एका रात्रीत तिचे दोन भाग झाले. हिशेब, खरेदी आणि ऑर्डर सांभाळणारी मंडळी लॅपटॉप घेऊन डोंबिवली, कल्याण, ठाणे, पनवेल इथल्या आपापल्या घरी गेली. भिवंडीच्या गोदामातले हमाल, पॅकिंग करणाऱ्या बायका, सुपरवायझर आणि टेम्पोचालक मात्र तोंडाला मास्क बांधून रोज कामावर येत राहिले. पुढची जवळपास दोन वर्षे मी या दोन्ही बाजूंचे फोन घेतले, रजेचे अर्ज पाहिले, रडणे ऐकले आणि काही चुकाही केल्या. साथ पुन्हा कधी आणि कोणत्या रूपाने येईल हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून त्या काळात काय उपयोगी पडले आणि काय पडले नाही, ते इथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्टपणे सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. ताण आला म्हणजे माणूस दुबळा आहे, असे समजू नये. कामाच्या ताणाचे मूळ बहुतेक वेळा कामाच्या मांडणीत असते, म्हणजे वेळा, अधिकार, रजा, मोबदला आणि माहिती यांच्या व्यवस्थेत असते. श्वासाचे व्यायाम, योगासने, चालणे हे सारे चांगलेच आहे, पण मांडणी तशीच ठेवून माणसाला प्राणायाम शिकवणे म्हणजे छप्पर गळत असताना रोज नवी बादली आणून ठेवणे होय. आधी छप्पर पाहावे.

ताण नेमका कुठे आहे ते आधी शोधा

साथीत सगळेच एकमेकांत गुंतते. आजाराची भीती, पगारकपातीची भीती, गावाकडच्या आईवडिलांची काळजी, मुलांची ऑनलाइन शाळा आणि कामाचा डोंगर हे सगळे मिळून छातीवर एकच दगड ठेवल्यासारखे वाटते. तो दगड एकदम उचलता येत नाही. तो फोडूनच हलवावा लागतो. त्यासाठी एक साधी वही घ्यावी आणि सलग सात दिवस, जेव्हा जेव्हा जीव घाबराघुबरा होईल, डोके तापेल किंवा हात गळून जातील, तेव्हा चार गोष्टी टिपाव्यात: किती वाजले होते, हातात कोणते काम होते, शरीरात काय झाले आणि त्या क्षणी काय मिळाले असते तर बरे वाटले असते. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण पुढे मागणी करायची ती त्यातूनच सापडते.

डोंबिवलीला वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या आमच्या एका सहकारी ताईंनी अशी वही ठेवली. त्या इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून हिशेबाचे काम करीत, आणि ‘मला आता हे झेपत नाही, मी राजीनामा देते’ असे त्या मला दोनदा म्हणाल्या होत्या. आठवड्याची वही आम्ही फोनवर एकत्र वाचली, तेव्हा सातपैकी पाच नोंदी दुपारी दीड ते अडीच या एकाच तासातल्या निघाल्या. त्या तासाला धाकट्या मुलीचा ऑनलाइन वर्ग असे, घरात इंटरनेट चालणारा फोन एकच होता, त्याच फोनच्या हॉटस्पॉटवर त्यांचा लॅपटॉप चालत असे, आणि नेमकी त्याच वेळी शिल्लक मालाच्या आढाव्याची रोजची मीटिंग ठेवलेली होती. मुलीचा वर्ग बुडवायचा की साहेबांची मीटिंग, हा पेच रोज दीड वाजता त्यांच्यापुढे उभा राहत असे आणि त्याच्या धाकाने त्यांचे सकाळपासूनचे कामातले लक्ष उडत असे. मीटिंग साडेतीनला नेली. त्यासाठी लागला तो एक फोन आणि तीन मिनिटे. राजीनाम्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

सगळ्यांचे उत्तर इतके सोपे नसते, पण वहीमुळे प्रश्नाचा प्रकार तरी कळतो. कामाच्या ताणाच्या अभ्यासात दोन मांडण्या मला फार उपयोगी वाटतात. अमेरिकेतील रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये मांडले की कामाची मागणी मोठी आणि ते काम कसे करायचे हे ठरवण्याचा अधिकार मात्र थोडा, अशा ठिकाणी ताण सर्वाधिक घातक होतो. जर्मनीतील योहान्स सीग्रिस्ट यांनी 1996 मध्ये कष्ट आणि मोबदला यांच्या विषमतेकडे लक्ष वेधले, आणि त्यांच्या मते मोबदला म्हणजे केवळ पगार नव्हे, तर मान आणि नोकरीची शाश्वतीही त्यातच येते. तुमच्या वहीतली प्रत्येक नोंद या दृष्टीने तपासून पाहा. काम फार झाले आहे, की कामावर आपला ताबा उरलेला नाही, की केल्याचे चीज होत नाही? तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि काम फार झालेल्या माणसाला कौतुकाचे प्रमाणपत्र देऊन काहीही साधत नाही.

घरून काम करीत असाल तर

घरून काम करणाऱ्याचा मुख्य शत्रू म्हणजे कामाला कडा नसणे. लोकलच्या गर्दीला आपण आयुष्यभर नावे ठेवली, पण 2020 च्या मार्चमध्ये लोकल थांबली तेव्हा अनेकांना प्रथमच जाणवले की तो तास-दीड तासाचा प्रवास घर आणि कचेरी यांच्यामधली भिंत होता. डब्यातून उतरेपर्यंत कचेरी मागे पडत असे. भिंत गेली आणि सकाळी सातला स्वयंपाकघरात ईमेल शिरले, रात्री दहाला अंथरुणात एक्सेलची शीट आली. लांबलेल्या तासांची किंमत शरीर मोजते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला 55 किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी अधिक असतो.

म्हणून पडलेली भिंत आपल्या हाताने पुन्हा बांधावी लागते. दिवसाची सुरुवात आणि शेवट एखाद्या ठरलेल्या कृतीने करा. आमचे एक सहकारी रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, इमारतीला एक फेरी मारून ‘कामावर’ येत, आणि संध्याकाळी लॅपटॉप पिशवीत घालून पिशवी कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावीत. घरच्यांना आधी हे विचित्र वाटले. पंधरा दिवसांनी कुलपाचा आवाज ऐकून मुले पत्त्यांचा डाव मांडून बसू लागली. मोठे घर, वेगळी खोली, चांगली खुर्ची हे असल्यास उत्तमच, पण मुंबईत ते किती जणांकडे असते? जागा वेगळी करता येत नसेल तर वस्तू वेगळी करा: कामाच्या वेळी टेबलावर एक ठरावीक चादर पसरा आणि काम संपले की ती घडी करून ठेवा. डोळ्यांना दिसणारी खूण मनाला पटकन समजते.

संदेशांच्या बाबतीत एकतर्फी निश्चय टिकत नाही, तिथे करारच लागतो. आपल्या वरिष्ठांशी बोलून तीन गोष्टी लेखी ठरवून घ्या: कोणत्या वेळेपर्यंत उत्तर अपेक्षित आहे, त्यानंतर खरोखर तातडीचे असेल तर निरोप कसा येईल, आणि ‘तातडीचे’ कशाला म्हणायचे. आमच्याकडे अखेर ठरले ते असे: रात्री आठनंतर व्हॉट्सॲपवर आलेले काहीही दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायचे, आणि औषधाच्या पुरवठ्याचा खरा खोळंबा असेल तर फोनच करायचा. फोन करायला माणसाला थोडा संकोच वाटतो, त्यामुळे रात्रीची खोटी तातडी आपोआप गळून पडली. हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण त्याआधीचे चार महिने रात्री दहाला संदेश पाठवणाऱ्यांत मी स्वतः होते. ‘सकाळी बघा’ असे मी खाली लिहीत असे. पण साहेबांच्या किंवा मॅडमच्या नावाची घंटी वाजली की सकाळपर्यंत कोणी थांबत नाही, हे मला कोणीतरी धीर करून सांगितले तेव्हा कळले.

व्हिडिओ कॉलचा थकवा खरा आहे, ती तक्रारखोरी नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलन्सन यांनी 2021 मध्ये त्याची चार कारणे मांडली: अगदी जवळून सतत रोखलेल्या नजरा, दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर दिसणे, एका जागी खिळून राहावे लागणे, आणि प्रत्यक्ष भेटीत सहज कळणारे हावभाव ओळखण्यासाठी व दाखवण्यासाठी करावी लागणारी जादा धडपड. उपाय यातूनच निघतात. स्वतःची चौकट लपवा, खिडकी लहान करा, आणि ज्या चर्चेत कागद दाखवायचा नाही ती साध्या फोनवर, शक्य तर गच्चीत किंवा गॅलरीत चालत चालत करा. दोन मीटिंगच्या मध्ये किमान दहा मिनिटे सोडा.

एकटे राहणाऱ्यांचा प्रश्न याहून वेगळा असतो. हिंजवडी किंवा खराडीला नोकरीसाठी येऊन भाड्याच्या खोलीत अडकलेल्या मुलांना कामाचा जाच कमी, पण दिवसभरात एकही जिवंत आवाज न ऐकण्याचा जाच मोठा होता. अशांनी कामाव्यतिरिक्त बोलण्याची रोजची एक वेळ ठरवून ठेवावी आणि ती कामाच्या वेळेइतकीच पाळावी. मनाला वाटेल तेव्हा फोन करू, असे म्हटले की मन नेमके खचलेले असताना हात फोनकडे जात नाही.

रोज कामावर जावे लागत असेल तर

इथे दुखणे निराळे असते. काम संपते, पाळी सुटते, पण जीव टांगणीला लागलेला राहतो. आपल्यामुळे घरी काही जाईल का, ही भीती सर्वांत मोठी. परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार, बेस्टचे वाहक, आशा सेविका, किराणा दुकानदार आणि आमच्या गोदामातले हमाल या सगळ्यांनी ही भीती रोज उंबरठ्यावर अनुभवली. आमचा एक टेम्पोचालक चाळीत राहत असे. रात्री घरी आला की तो कॉमन बाथरूममध्ये कपडे बादलीत टाकून अंघोळ करी आणि मगच दाराशी येई, तोवर त्याची तीन वर्षांची मुलगी आतून हाका मारीत राही. ‘ती पाच मिनिटे दिवसातली सगळ्यात जड असतात,’ असे तो सांगत असे.

अशा भीतीवर ‘घाबरू नका’ हे उत्तर नाही. भीतीला काम द्यावे लागते. घरी परतल्यावर काय काय करायचे, याचा एक ठरलेला क्रम कागदावर लिहा, तो दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि रोज त्याच क्रमाने करा: चप्पल कुठे, मोबाइल कशाने पुसायचा, कपडे कुठे, अंघोळ, मग घरातल्यांशी भेट. क्रम पूर्ण झाला की त्या दिवसापुरती काळजी तिथेच संपवायची, असे स्वतःला मोठ्याने सांगा. ठरावीक कृती नसली की माणूस तीन-तीनदा हात धुतो आणि तरी त्याच्या मनाचे समाधान होत नाही. त्या टेम्पोचालकाने पुढे मुलीलाच या क्रमात घेतले. तो अंघोळ करीत असताना ती आतून मोठ्याने शंभरपर्यंत आकडे मोजू लागली.

दुसरी भीती पगाराची, आणि तिच्याबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण इथे आम्ही चुकलो होतो. गोदामाच्या फाटकावर रोज सकाळी कपाळाला तापमापकाची बंदूक लावली जाई आणि ताप निघाला तर माणसाला परत पाठवले जाई. पगारी रजेसाठी मात्र आम्ही कोरोना चाचणीचा पॉझिटिव्ह अहवाल मागत होतो, आणि 2020 च्या उन्हाळ्यात तो हाती यायला कित्येक दिवस लागत. तोपर्यंतचे दिवस बिनपगारी. परिणाम व्हायचा तोच झाला: माणसे घरून गोळी घेऊन, कपाळावर गार पाणी मारून येऊ लागली, आजार अंगावर काढू लागली, आणि शेजारी उभा असलेला खोकला की सगळ्यांच्या छातीत धस्स होऊ लागले. एका पॅकिंगवाल्या मावशींनी मला सरळ विचारले, ‘मॅडम, ताप सांगितला तर पगार जातो आणि नाही सांगितला तर जीव जातो, आता तुम्हीच सांगा काय करू?’ त्या आठवड्यात नियम बदलला. लक्षणे दिसली की अहवालाची वाट न पाहता पगारी रजा मिळेल, असे मराठीत आणि हिंदीत लिहून फाटकावरच लावले. पुढच्या काही दिवसांत ताप सांगणाऱ्यांची संख्या वाढली. गोदामातली धास्ती मात्र कमी झाली, कारण शेजारी उभा असलेला माणूस लपवत नाही याची खात्री पटली होती.

तुमच्या कामाच्या ठिकाणी असा नियम नसेल तर तो मागा, आणि एकट्याने मागू नका. पाच-सात जणांनी मिळून सही केलेला अर्ज द्या. त्यात आजारपणाची पगारी रजा, मास्क आणि हातमोजे कोण पुरवणार, जेवणाच्या सुटीचे गट, परतीच्या वाहनाची सोय आणि बाधित सहकाऱ्याची माहिती किती वेळात कळवली जाईल, हे मुद्दे स्वतंत्रपणे लिहा. कामाच्या तासांबद्दलही कायद्याचा आधार असतो. साथीच्या त्या वर्षांत राज्यात दुकाने व आस्थापनांसाठी 2017 चा जो कायदा लागू होता, त्यात दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत दिवसाला नऊ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुटी बंधनकारक होती आणि जादा कामाला दुप्पट दराने मोबदला होता. या तरतुदी वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी सध्याचा नियम कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्यावा.

ज्यांना पीपीई किट घालून तासन्‌तास उभे राहावे लागते त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगते, बाकीचे त्या क्षेत्रातले लोक माझ्याहून चांगले जाणतात. जोडी लावा. पाळी सुरू होण्याआधी दोघांनी एकमेकांना विचारायचे, झोप झाली का, पाणी प्यायलात का, घरी सगळे ठीक आहे ना; आणि पाळी संपल्यावर दहा मिनिटे मोकळ्या हवेत एकत्र बसायचे. त्या दहा मिनिटांत उपाय सुचवायचे नाहीत, फक्त ऐकायचे.

कामाच्या मध्येच धडधड वाढली, श्वास अपुरा वाटू लागला, तर शक्य तेवढ्या उघड्या जागी जाऊन पाय जमिनीवर टेकवून बसा, नाकाने चार मोजेपर्यंत श्वास घ्या आणि सहा मोजेपर्यंत सावकाश सोडा, असे पाच मिनिटे करा. सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा जास्त ठेवला की हृदयाची गती मंदावायला मदत होते. मात्र श्वास खरोखरच लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा ऑक्सिमीटरवर पातळी घसरलेली दिसत असेल, तर त्याला ताण समजून बसू नका, डॉक्टरांकडे जा.

दोघांमधली अढी

साथीत एकाच कंपनीची दोन गावे होतात. गोदामातले म्हणत, ‘ते घरी पंख्याखाली बसलेत’, आणि घरातले म्हणत, ‘त्यांना निदान आठ तासांनी सुटी तरी होते’. दोघांचेही अर्धेच खरे असते, आणि ही अढी वाढली की साधा निरोपही टोमण्यासारखा ऐकू येतो. आमच्याकडे संध्याकाळी सातपर्यंत ऑर्डर घेतल्या जात आणि त्यांतल्या निम्म्यांवर ‘अर्जंट’ असा शिक्का असे. त्यामुळे गोदामातली माणसे नऊनंतर सुटत आणि मग भिवंडीहून घरी जायला वाहन मिळत नसे. ऑर्डर डेस्कवर घरून काम करणाऱ्या मुलांना याची कल्पनाच नव्हती. त्यांच्या दृष्टीने सात वाजताची ऑर्डर म्हणजे केवळ पडद्यावरची एक ओळ होती. मग दर शुक्रवारी पंधरा मिनिटांचा एक फोन ठेवला, ज्यात दोन्हीकडचे दोन-दोन जण आणि एकच प्रश्न: या आठवड्यात आमच्या कोणत्या गोष्टीने तुमचे काम जड झाले? दुसऱ्याच शुक्रवारी ऑर्डरची वेळ पाचवर आली. बदल्यात गोदामाने माल निघाल्याचा फोटो त्याच संध्याकाळी पाठवायला सुरुवात केली, आणि दुकानदारांचे ‘माल कुठे आहे’ असे रात्रीचे फोन घेणाऱ्या मुलांचा जीव भांड्यात पडला. तुमच्याकडे अशी व्यवस्था नसेल तर समोरच्या बाजूच्या एका तरी माणसाशी तुम्ही स्वतः बोलणे सुरू करा. पंधरा मिनिटे पुरतात.

माणसे तुमच्या हाताखाली असतील तर

साथीत अफवा वाऱ्यासारख्या पसरतात, कारण खरी माहिती उशिरा येते. पगार पूर्ण होणार की कापला जाणार, कोणाला काढणार, कार्यालय कधी उघडणार, हे जितके ठाऊक आहे तितके ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सांगा. निर्णय झाला नसेल तर ‘निर्णय झालेला नाही, पुढच्या सोमवारी पुन्हा बोलू’ असे सांगा आणि सोमवारी खरोखर बोला. वाईट बातमी माणूस पचवतो, पण लोंबकळत राहणे त्याला सोसत नाही. टार्गेट कमी करण्याचा अधिकार तुमच्याकडे असेल तर तो वापरा. ज्या घरात आजारी माणूस आहे त्या घरातून नेहमीचे टार्गेट मागणे अन्यायाचे आहे. सावधान राहायचे ते विशेषतः मुकाट्याने जास्त काम करणाऱ्यांबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ची तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती संपून गेल्यासारखे वाटणे, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि कामातली परिणामकारकता घटणे. तिथे त्याला आजार न म्हणता, नीट न हाताळलेल्या दीर्घकालीन कार्यताणातून उद्भवणारी कामाशी निगडित घटना म्हटले आहे. म्हणजे त्याची जबाबदारी काम देणाऱ्यावरही येते. नेहमी हसतमुख असणारा माणूस अचानक तोडून बोलू लागला तर नोटीस काढण्याआधी त्याला फोन करा.

आणि सहकारी गेला तर काय करायचे, हेही ठरवून ठेवावे लागते. एप्रिल 2021 मध्ये आमचे दोन सहकारी गेले. पहिल्या वेळी कोणालाच काही सुचले नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जागी नवा माणूस उभा केला गेला आणि त्यांचे नाव व्हॉट्सॲपच्या गटातून काढले गेले. हे काढून टाकणे लोकांच्या जिव्हारी लागले, आणि ते मला आजही बोचते. दुसऱ्या वेळी आम्ही अर्धा तास काम थांबवले, घरच्यांनाही फोनवर घेतले, ज्याला बोलायचे तो बोलला. पंधरा दिवस त्यांच्या रॅकचे काम तिघांनी वाटून घेतले आणि मगच नवा माणूस आला. शिवाय एका जबाबदार व्यक्तीने त्यांच्या घरची कागदपत्रे पूर्ण करून दिली. भविष्य निर्वाह निधीच्या सभासदाला जोडून येणाऱ्या ईडीएलआय विम्याची कमाल रक्कम 2021 मध्ये 7 लाख रुपये करण्यात आली होती, पण दुःखात असलेल्या कुटुंबाला असा विमा असतो हेच बहुधा माहीत नसते. हे काम मनुष्यबळ विभागाने स्वतःहून करावे, कुटुंबाला चकरा मारायला लावू नये. मागे राहिलेले सहकारी हे सगळे पाहत असतात, आणि उद्या आपल्या घरच्यांचे काय होईल याचे उत्तर त्यांना त्यातूनच मिळते.

रात्र, झोप आणि मदत

दिवसाचा ताण रात्री हिशेब मागतो. झोपण्यापूर्वी दोन तास बातम्या आणि रुग्णसंख्येचे आकडे बंद करा. ते दिवसातून एकदा, संध्याकाळी पाहिले तरी पुरते. काळजीला दिवसाउजेडी वेळ द्या: संध्याकाळी सहाच्या सुमारास पंधरा मिनिटे बसून डोक्यात घोळणारे सगळे वहीत उतरवा, आणि रात्री तेच विचार आले की ‘हे वहीत आहे, उद्या सहाला बघू’ असे म्हणा. अंथरुणावर पडून वीसेक मिनिटांत डोळ्याला डोळा लागला नाही तर उठा, मंद प्रकाशात काहीतरी साधे काम करा, पेंग आली की परत जा. झोपायला कितीही उशीर झाला तरी उठण्याची वेळ बदलू नका. रात्रपाळी करणाऱ्यांनी दिवसा झोपताना खोलीत अंधार करावा आणि घरच्यांना त्या तासांचे महत्त्व समजावून सांगावे. दारू घेऊन झोप येते असे वाटते, पण ती झोप तुटक असते आणि दुसऱ्या दिवशीची चिंता वाढवते.

एवढे करूनही दोन आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, कामावर जाण्याच्या विचारानेच पोटात गोळा येत असेल, रोज दारू लागत असेल, किंवा आपण नसलेलेच बरे असा विचार डोकावत असेल, तर वाट पाहू नका. शेवटच्या बाबतीत तर तासभरही थांबू नका: घरातल्या कोणाला तरी सांगा, एकटे राहू नका आणि लगेच मदत मागा. साथीच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंताविकार आणि नैराश्य यांचे प्रमाण सुमारे 25 टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2022 मध्ये जाहीर केले होते, त्यामुळे या वाटेवर तुम्ही एकटे नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. मानसोपचाराचा खर्च विम्यात बसतो का हेही पाहून घ्या, कारण मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायचे असते.

फोन लावल्यावर काय बोलायचे, या विचाराने बरेच जण क्रमांक हाती असूनही थांबतात. आमच्या गोदामातल्या एका सुपरवायझरला मी फोन लावण्याआधी एका चिठ्ठीवर तीन वाक्ये लिहून दिली होती आणि तीच इथे देते: ‘मी साथीच्या काळात रोज कामावर जातो. अमुक दिवसांपासून मला झोप लागत नाही आणि माझे कामात लक्ष लागत नाही. मला कोणाशी तरी बोलायचे आहे.’ त्यांनी ती चिठ्ठी पाहून जशीच्या तशी वाचून दाखवली. पुढचे प्रश्न पलीकडच्या बाईंनी विचारले आणि ते पाऊण तास बोलत राहिले.